व्हेंटवरचा ट्रॉमा पेशंट: आधी दुखणं बघा, झोपेचं नंतर

ट्रॉमा आयसीयूत नवीन पोरं आली की पहिल्याच आठवड्यात एक वाक्य कानावर पडतंच, "सिस्टर, आठ नंबर व्हेंटशी भांडतोय, मिडाझ देऊ का?" व्हेंट म्हणजे श्वास देणारं व्हेंटिलेटर मशीन, मिडाझ म्हणजे मिडाझोलाम, झोपेचं औषध. मी दर वेळी एकच विचारते, आठ नंबरच्या बेडवरचा पेशंट भांडतोय ते दिसतंय, पण कशापायी? मीही तशीच होते म्हणा. नवीन असताना एका नाइटला पाय आपटणाऱ्या पेशंटला ऑर्डर घेऊन दोनदा मिडाझोलाम दिलं, दहा मिनिटं गप्प की परत चालू. पहाटे इन्चार्ज सिस्टर आल्या, काही न बोलता चादर वर केली, तर फोलीची, म्हणजे लघवीची, नळी त्याच्याच मांडीखाली दाबलेली आणि ओटीपोट नगाऱ्यासारखं. नळी सोडवली, पिशवी भराभर भरली आणि माणूस कुठल्याही औषधाशिवाय झोपला. मला त्या काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

तर हे लिहितेय ते नवीन सिस्टर, ब्रदर, इंटर्न आणि पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटसाठी. डोस सांगतेय ते अंदाज यावा म्हणून, तुमच्या युनिटचा प्रोटोकॉल आणि डॉक्टरांची लेखी ऑर्डर हीच शेवटची.

एक पेशंट डोळ्यासमोर धरू म्हणजे नुसतं पुस्तकी होणार नाही. वय ३५, वजन ६० किलो. गाळप हंगामात रात्री बाइकवरून येताना रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. डाव्या बाजूच्या ४ ते ९ बरगड्या गेल्या, फुप्फुसाला मार, आयसीडी (छातीतली हवा-रक्त बाहेर काढणारी नळी) टाकलाय, उजव्या मांडीचं हाड मोडलं म्हणून एक्स-फिक्स (हाड बाहेरून धरून ठेवणारी सळ्यांची चौकट) लावून ऑपरेशन थिएटरमधून आलाय. डोक्याचा सीटी नॉर्मल. डोक्याला मार असलेल्याचं गणित वेगळं, त्याबद्दल पुढे सांगते.

अस्वस्थ दिसला तर आधी हात औषधाच्या ट्रेकडे नको

आधी मॉनिटर, मग व्हेंट, मग पेशंट डोक्यापासून पायापर्यंत. सॅच्युरेशन पडलंय का, ट्यूब दातांच्या खुणेवर आहे का की आत-बाहेर सरकली, कफानं चोंदली का, सर्किटमध्ये पाणी साचलंय का, आयसीडीच्या बाटलीतलं पाणी श्वासाबरोबर हलतंय का, नवा न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठणं) तर नाही ना. काही कळत नसेल आणि सॅच्युरेशन पडतच असेल तर व्हेंट काढून अँबूच्या पिशवीनं हातानं श्वास द्या आणि आरडाओरडा करून माणसं गोळा करा, यात लाज नाही. मग शुगर, बीपी, युरीनची नळी, ड्रेसिंगखाली रक्त. आणि ट्रॉमात एक गोष्ट विसरली तर पाय जातो, ती म्हणजे कंपार्टमेंट सिंड्रोम, सुजेनं स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटणं. मोडलेल्या पायाची पोटरी दगडासारखी लागतेय, पायाची बोटं मागे वाकवली की पेशंट तळमळतो, औषध वाढवलं तरी दुखणं वाढतंच चाललंय, तर ते "फार नाजूक आहे हो हा" म्हणून सोडायचं नाही, ऑर्थोला तेव्हाच उठवायचं, मग रात्रीचे तीन वाजले असले तरी. पायाची नाडी लागतेय म्हणून निर्धास्त होऊ नका, नाडी बऱ्याचदा शेवटपर्यंत लागते.

ही सगळी कारणं झोपेच्या औषधाखाली झाकली जातात, म्हणून हा क्रम उलटा करायचा नाही.

दुखतंय हे कसं ओळखायचं

ट्यूब आहे, बोलता येत नाही. पण मान हलवता येत असेल तर आधी त्यालाच विचारा, "दादा, दुखतंय का? दुखत असेल तर माझा हात दाबा." निम्मे लोक हे करतच नाहीत, थेट स्कोअर भरतात. त्याला सांगता येत नसेल तरच सीपॉट, म्हणजे बघून दुखणं मोजायचा स्कोअर. त्यात चार गोष्टी, प्रत्येकीला ० ते २, एकूण ८ पैकी. चेहरा, अंगाची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा, आणि व्हेंटशी जुळवून घेतोय का. ३ किंवा त्याहून जास्त आला तर दुखतंय असं धरून चालायचं.

हे प्रत्यक्ष कसं करायचं ते दाखवते कारण चार्टवर सगळ्यांचा ० असतो आणि पेशंटच्या कपाळाला आठ्या असतात. बेडच्या पायथ्याशी एक मिनिट नुसतं उभं राहा, हात न लावता. भुवया खाली ओढल्यात का, डोळे गच्च मिटलेत का, ट्यूब चावतोय का. सावकाश हात बरगडीकडे नेतोय, नळ्या चाचपतोय, तर हालचालीचा १. नळी ओढतोय, उठून बसायला बघतोय तर २. मग जवळ जाऊन हाताचा कोपर हळू वाकवा आणि सरळ करा, सहज वाकला तर ०, विरोध जाणवला तर १, वाकूच देत नाही तर २. अर्थात ज्या हाताला फ्रॅक्चर आहे तो सोडून, हे सांगायला नको पण सांगते, कारण बघितलंय. व्हेंटचा अलार्म वाजतो आणि आपोआप थांबतो तर १, सारखा वाजतोय आणि श्वास जुळतच नाहीत तर २. एकदा शांत असताना बघायचं आणि एकदा कूस बदलताना, खरा स्कोअर दुसरा.

पल्स आणि बीपीवरून दुखणं ठरवू नका. रक्त गेलेल्याचीही पल्स १३० असते, ताप आलेल्याचीही. पल्स वाढली की "बघ जरा" एवढाच त्याचा अर्थ. आणि हातापायाची हालचालच नसलेल्या पेशंटला, मग स्पायनल इंज्युरी असो की स्नायू सैल करणारं औषध चालू असो, सीपॉट लागू होत नाही. तिथे असं एवढं मोडलंय म्हणजे दुखणारच हे धरून औषध चालू ठेवायचं.

औषधं, आणि ती का

हल्लीचा नियम सोपा आहे, आधी दुखण्याचं औषध, ते पुरेसं देऊनही गरज राहिली तरच झोपेचं. अमेरिकेतल्या क्रिटिकल केअर सोसायटीच्या २०१८ च्या गाइडलाइनमध्येही हेच आहे, पण खरं सांगायचं तर गाइडलाइन न वाचताही हे कळायला हवं, कारण मिडाझोलाम आणि प्रोपोफॉल ही दोन्ही झोपेची औषधं दुखणं कमी करत नाहीत. मोडलेल्या मांडीवर नुसतं मिडाझोलाम म्हणजे ओरडणाऱ्याच्या तोंडावर उशी ठेवणं.

आपल्या पेशंटला पाया म्हणून आयव्ही पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर ६ तासांनी, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही, वजन ५० किलोच्या आत असेल तर किलोला १५ मिग्रॅ, लिव्हरला मार असेल तर डॉक्टरांना विचारून कमी. लोकांना हे फालतू वाटतं, तापाचं औषध म्हणून. पण ते घड्याळ लावून दिलं की फेंटानिल (अफूच्या जातीचं जोरदार दुखण्याचं औषध) कमी लागतं. "गरज पडली तर" असं लिहू नका, व्हेंटवरचा माणूस गरज पडली म्हणून बेल वाजवत नाही.

मग फेंटानिल. आधी बोलस, म्हणजे एका वेळी द्यायचा डोस, २५ ते ५० मायक्रोग्रॅम, पाचेक मिनिटांनी परत बघायचं, लागलं तर परत, आणि मग इन्फ्युजन, म्हणजे पंपानं सतत. खूप लोक इन्फ्युजन वाढवतात आणि बोलस देत नाहीत. नुसता रेट वाढवला तर परिणाम दिसायला वेळ लागतो, तोवर वैतागून अजून वाढवला जातो आणि दोन तासांनी पेशंट दगडासारखा पडलेला. बोलस देऊन आराम पडला आणि तासात दोन-तीनदा लागला, तेव्हा रेट वाढवा. आणि बोलस हळू द्या, मोठा डोस भसकन दिला तर छाती ताठ होऊन व्हेंटचं प्रेशर चढतं.

मॉर्फिन स्वस्त आहे, चांगलं आहे, पण किडनी मंदावली असेल तर त्याचे उरलेले घटक अंगात साठतात. ट्रॉमात चेंगरलेल्या स्नायूंमुळे किडनी बसते ते आपल्याला माहीतच आहे, शिवाय बीपीही पाडतं, म्हणून आमच्याकडे पहिली पसंती फेंटानिलला. ट्रामाडॉल आपल्याकडे पाण्यासारखं वापरतात. डोक्याला मार असेल, फिट आलेली असेल तिथे ते नको, फिटची भीती वाढते. डायक्लोफेनॅक तर ताज्या रक्तस्रावात आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) चढत असताना हातच लावू नका.

केटामाइनबद्दल जुन्या लोकांच्या मनात अढी आहे, पण कमी डोसमध्ये ते ट्रॉमासाठी फार कामाचं. तासाला किलोमागे ०.१ ते ०.२ मिग्रॅ चालू ठेवलं की फेंटानिलची भूक कमी होते आणि बीपी सहसा पडत नाही. लाळ वाढते, भास होऊ शकतात, त्यामुळे सक्शन जवळ ठेवा.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, ब्लॉक, म्हणजे नसांजवळ औषध सोडून तेवढा भाग बधिर करणं. सहा बरगड्या मोडलेल्या माणसाला वाटीभर ओपिऑइड (फेंटानिल-मॉर्फिनच्या जातीचं औषध) देण्यापेक्षा ॲनेस्थेशियावाल्यांना फोन करा. थोरॅसिक एपिड्युरल, पॅराव्हर्टेब्रल, किंवा इरेक्टर स्पायनी ब्लॉक. हा शेवटचा तसा नवा, २०१६ मध्ये पहिल्यांदा मांडला गेला, सोनोग्राफी लावून पाठीच्या स्नायूखाली औषध सोडतात आणि कॅथेटर ठेवता येतं. मांडीसाठी फॅशिया इलियाका किंवा फेमोरल ब्लॉक. आम्ही एकदा बरगड्यांसाठी कॅथेटर ठेवलं आणि तासाभरात फेंटानिल निम्म्यावर आणलं, पेशंट स्वतःहून खोल श्वास घ्यायला लागला. फक्त रक्त पातळ करणारं इंजेक्शन कधी दिलंय ते आधी सांगा, विशेषतः एपिड्युरलच्या वेळी, आणि ब्लॉक दिलेल्या पायाचा कंपार्टमेंट तपास दुपटीनं करा, कारण दुखणं हा इशाराच आपण बंद केलेला असतो.

पंपाचं गणित

इथे चुका होतात, म्हणून बारीक बघा. फेंटानिल आपल्याकडे मिलीला ५० मायक्रोग्रॅम येतं. ५०० मायक्रोग्रॅम म्हणजे १० मिली, त्यात ४० मिली सलाइन, झाले ५० मिलीत मिलीला १० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला किलोला तासाला १ मायक्रोग्रॅम म्हणजे ६० मायक्रोग्रॅम, पंपावर ६ मिली.

केटामाइन ५० मिग्रॅ ५० मिलीत, म्हणजे मिलीला १ मिग्रॅ. किलोला ०.१ धरलं तर तासाला ६ मिग्रॅ, पंपावर ६. डेक्समेडेटोमिडिन (हेही झोपेचं, पुढे नुसतं डेक्स म्हणते) २०० मायक्रोग्रॅम ५० मिलीत, मिलीला ४. किलोला ०.४ धरलं तर तासाला २४ मायक्रोग्रॅम, पंपावर परत ६. प्रोपोफॉल १ टक्का, न मिसळता, मिलीला १० मिग्रॅ, किलोला तासाला १ मिग्रॅ धरलं तर ६० मिग्रॅ, पंपावर, ओळखा बघू, ६.

म्हणजे चार पंपांवर चारही ठिकाणी ६ लिहिलेलं आणि आत चार वेगळी औषधं. रात्री तीन वाजता अलार्म वाजला आणि सिरिंजवर लेबल नाही, तर कुठली संपली ते देवालाच माहीत. लेबलवर औषध, एकूण मिग्रॅ किंवा मायक्रोग्रॅम, किती मिलीत, तारीख-वेळ, सही, आणि लाइनच्या पेशंटकडच्या टोकालाही एक लेबल. दुसऱ्या युनिटमधून आलेला पेशंट असेल तर त्यांची सिरिंज त्यांच्या हिशोबानं भरलेली असते, ती आपली समजून रेट लावू नका. फेंटानिल-मॉर्फिनचे रिकामे ॲम्प्युल आणि उरलेल्या औषधाची नोंद रजिस्टरमध्ये दोन सह्यांनी, १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यातलं औषध आहे, शिफ्ट संपताना एक ॲम्प्युल कमी भरलं तर घरी जायला मिळत नाही.

मग झोप किती हवी

त्यासाठी रास, पेशंट किती जागा किंवा झोपलेला ते मोजायची पट्टी. +४ (फार उसळलेला) ते –५. बघा, हाक मारा, मग हात लावा, याच क्रमानं. स्वतःहून जागा आणि शांत तर ०. हाक मारल्यावर डोळ्यात डोळे घालून १० सेकंदांपेक्षा जास्त बघतो तर –१, त्याहून कमी तर –२, हाकेला हलतो पण नजर देत नाही तर –३. हाकेला काहीच नाही, हलवल्यावर हलतो तर –४, कशालाच नाही तर –५. बहुतेक पेशंटला ० ते –२ पुरतं. नातेवाईक काचेतून बघून म्हणतात "त्याला गाढ झोपवून ठेवा हो, त्रास नको", त्यांना सांगावं लागतं की गाढ झोपेत व्हेंटवरचे दिवस वाढतात, भ्रम वाढतो.

राउंडला टार्गेट लिहून घ्या, "रास –१", आणि चार्टवर –४ दिसत असेल तर कोणाची वाट न बघता सांगा. गरज असेल तर प्रोपोफॉल किंवा डेक्स. प्रोपोफॉलला बीपी पडतं, रक्त गेलेल्या पेशंटमध्ये तर धाडकन, म्हणून आधी व्हॉल्यूम, म्हणजे अंगात पाणी-रक्त पुरेसं आहे का, ते बघा. किलोला तासाला ४ मिग्रॅच्या वर दिवसेंदिवस नको, आणि रक्ततपासणीत लॅक्टेट-सीपीके चढायला लागले, ईसीजी बदलला तर प्रोपोफॉलवरच संशय घ्या. त्यात फॅट असतं, फीडच्या कॅलरीत धरा आणि लाइन १२ तासांनी बदला. डेक्समध्ये पेशंट हाकेला उठतो, सूचना पाळतो, सकाळी ट्यूब काढायची असेल तर फार छान, फक्त पल्स ४०-५० वर येऊ शकते आणि लोडिंग डोस आम्ही देतच नाही. मिडाझोलामचं इन्फ्युजन मी शेवटचं धरते, फिट किंवा दारू सोडल्याचा त्रास असेल तर त्याची जागा आहे, नाहीतर तीन दिवस चालवलं की पुढचे तीन दिवस पेशंट उठत नाही आणि आपण विनाकारण सीटीला नेतो.

कूस बदलणं, ड्रेसिंग, सक्शन, फिजिओ, आयसीडी हलवणं, या सगळ्यांच्या ३ ते ५ मिनिटं आधी बोलस. "पटकन करून टाकू" म्हणत चौघं जमतात आणि औषध नंतर आठवतं, हे बंद करा. आणि तोंडानं सांगा, "काका, आता डाव्या कुशीवर वळवतोय, थोडं दुखेल." झोपलेल्यालाही सांगायचं.

डोक्याला मार असेल तर

इथे वरचे काही नियम थांबतात. मेंदूचं प्रेशर चढलेलं असेल, म्हणजे आयसीपी २२ च्या वर जातंय, तर गाढ झोप हाच उपचार आहे, रोज सकाळी औषध थांबवून उठवणं तिथे नाही. न्यूरोचे डॉक्टर सांगतील तेव्हाच. प्युपिल (डोळ्यांच्या बाहुल्या) तासातासाला, औषध वाढवण्याआधी आणि नंतर. सक्शनच्या आधी बोलस हवाच, एका खोकल्यानं आयसीपी उडतं. पण बीपी पाडून झोपवू नका, मेंदूला रक्त पोचवणारं प्रेशर ६० ते ७० राहायला हवं. या पेशंटचं दुखणं चेहऱ्यावर आठ्यांमध्ये दिसेलच असं नाही, कधी नुसते डोळे उघडतात, पाणी येतं, बस.

आणि ॲट्राक्युरियम, व्हेक्युरोनियमसारखं स्नायू सैल करणारं औषध चालू करायचं असेल तर त्याआधी झोप आणि दुखणं दोन्ही पक्कं करा. त्यानंतर रास नाही, सीपॉट नाही, पेशंट जागा असून दगड झालेला असू शकतो, याहून भयंकर काही नसेल. नुसत्या डेक्सवर पॅरालिसिस कधीच नको. ती सिरिंज वेगळ्या रंगाच्या लेबलनं, वेगळ्या रॅकवर.

सकाळी

मेंदूचं प्रेशर, फिट, पॅरालिसिस, दारूचा त्रास, ताजा हार्ट ॲटॅक यातलं काही नसेल तर सकाळी झोपेचं औषध थांबवा. शिकागोच्या एका ट्रायलमध्ये २००० साली रोज असं थांबवल्यावर व्हेंटवरचे दिवस मध्यक (मीडियन) ७.३ वरून ४.९ वर आले होते, ते मेडिकल आयसीयूतले पेशंट होते, ट्रॉमाचे नाहीत, त्यामुळे आपण आंधळेपणानं नक्कल करायची नाही. आपल्या पेशंटच्या सहा बरगड्या मोडल्यात, त्याचं दुखण्याचं औषध बंद करून उठवलं तर तो आकांत करणारच आणि मग सगळे म्हणणार "बघा, जमत नाही याला". झोपेचं थांबवा, दुखण्याचं चालू ठेवा, पेशंट उठला की स्वतःच्या श्वासावर ठेवून बघा. फारच उसळला तर आधीच्या निम्म्या रेटनं परत चालू.

उठल्यावर भ्रम तपासायचा, कॅम-आयसीयू या चाचणीनं. हात दाबायची चाचणी दहा अक्षरांची, इंग्रजी "ए" ऐकू आला की दाबायचा. एस, ए, व्ही, ई, ए, एच, ए, ए, आर, टी. दोनपेक्षा जास्त चुका तर लक्ष लागत नाही. खेड्यातल्या आजोबांना "ए" चं काय घेऊन बसलाय, आधी समजलंय का ते दोन-तीनदा सराव करून बघा, नाहीतर न समजलेल्याला भ्रमिष्ट ठरवाल. बडबडणारा, ओढाताण करणारा भ्रम लगेच दिसतो. गप्प पडून छताकडे बघणारा "फार शांत पेशंट" म्हणून सुटतो. चष्मा, कानाचं मशीन घरून मागवा, रात्री लाइट कमी करा, बायको किंवा आईला पाच मिनिटं आत आणून बोलायला सांगा, "अहो, मी आलेय, पोरं बरी आहेत." कुठल्याही पंपानं न झालेलं काम त्या वाक्यानं झालेलं बघितलंय.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घाम, थरथर, पल्स १४०, भास, तर नातेवाईकांना बाजूला घेऊन विचारा, रोज किती घ्यायचे? सगळ्यांसमोर विचारलं तर "कधीच नाही" हेच उत्तर येणार. दारू असेल तर थायमिन (व्हिटॅमिन बी१) आणि बेंझो (मिडाझोलामच्या जातीचं औषध), डॉक्टरांना लगेच कळवा.

फेंटानिल आठवडाभर चाललं असेल तर एकदम बंद करू नका, रोज १० ते २० टक्क्यांनी खाली, नाहीतर जांभया, घाम, जुलाब, उलटीनं पेशंट हैराण होतो आणि आपण इन्फेक्शन शोधत बसतो. आणि पहिल्या दिवसापासून लॅक्ट्युलोज, पोट साफ व्हायचं औषध. चार दिवस पोट साफ नाही, पोट फुगलंय, फीड उलटतंय आणि सगळे अँटिबायोटिक बदलायची चर्चा करतायत, हा प्रकार आठवड्यातून एकदा असतोच.

आपल्या पेशंटची ट्यूब पाचव्या दिवशी निघाली असं धरू. आता त्याला तोंडानं विचारता येतं, शून्य ते दहा किती दुखतंय. आकडा कोणी सांगत नाही, "लई" म्हणतात नाहीतर "बरं हाय". "बरं हाय" म्हणणाऱ्याला उशी छातीशी धरून खोकायला सांगा. खोकला अर्ध्यात गिळला आणि हात बरगडीवर गेला, तर कफ आतच राहतोय आणि दोन दिवसांत ट्यूब परत घालायची वेळ येईल. ब्लॉकचं कॅथेटर चालू आहे का बघा, पॅरासिटामॉलचा दुपारी दोनचा डोस चार्टवर आहे आणि प्रत्यक्षात गेलाय का तेही.